आकडे वर, काम तिथेच: सोशल मीडियाचा रिपोर्ट दर महिन्याला का फसतो

महिन्याचा रिपोर्ट मेल केला की अर्ध्या तासात फोन येतोच. "रीच चाळीस टक्क्यांनी वाढला म्हणतेस, मग नावनोंदणी होती तिथेच कशी?" (रीच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोचली तो आकडा.) पुढच्या महिन्यात तोच फोन, प्रश्न उलटा: "रीच एवढा पडला, काय चुकलं?" आणि गंमत म्हणजे त्या महिन्यात नोंदणी बरी झालेली असते.

मी ऑनलाइन कार्यशाळा घेणाऱ्या एका संस्थेची पेजेस सांभाळते. त्यांचा हा फोन मी जवळपास वर्षभर घेतला आणि दरवेळी एकच उत्तर दिलं: अल्गोरिदम बदललाय. अल्गोरिदम, म्हणजे कोणती पोस्ट कोणाला दाखवायची ते ठरवणारी प्लॅटफॉर्मची यंत्रणा, ही आमच्या धंद्यातली साडेसाती आहे. काहीही बिघडलं की तिच्या नावावर खपवायचं, समोरचा गप्प बसतो.

मग एकदा जुने बारा रिपोर्ट शेजारी शेजारी उघडून बसले. अल्गोरिदमने खरंच घात केलेले महिने फार नव्हते. बाकी सगळा घोळ माझ्याच शीटमध्ये होता. आकडे प्लॅटफॉर्मने दिलेलेच होते, पण तो आकडा नक्की काय मोजतो आणि त्याला कशाने भागलंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तुमचाही रिपोर्ट असाच दर महिन्याला अडकत असेल तर मी आता ज्या क्रमाने तपासते तो खाली देतेय. क्रम मोडू नका. चोर बऱ्याचदा पहिल्या तीन-चार ठिकाणीच सापडतो आणि पुढची मेहनत वाचते.

मोजपट्टी तीच आहे ना?

एखादा आकडा एका महिन्यात अचानक दुप्पट झाला आणि बाकीचे जागचे हलले नाहीत, तर आनंद व्हायच्या आधी त्या आकड्याची व्याख्या बदलली का ते बघा.

यूट्यूबचं उदाहरण घ्या. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स मोजायची पद्धत बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा परत वाजला की एक व्ह्यू. किती सेकंद बघितला याची अटच नाही. जुन्या पद्धतीचा आकडा गेला नाही, तो 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे यूट्यूबच्या आकडेवारीच्या विभागात, आत बसला. ज्यांनी मार्चचे व्ह्यूज आणि एप्रिलचे व्ह्यूज एकाच आलेखावर काढले, त्यांना वाटलं चॅनल गगनाला भिडलं. चॅनल होतं तिथेच होतं, फूटपट्टीवरचे इंच बारीक झाले होते. कमाईची पात्रता मात्र एंगेज्ड व्ह्यूजवरच ठरते, म्हणजे यूट्यूबलाही दोन्हीतला फरक नीट कळतो.

इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं की रील असो, फोटो असो, स्टोरी असो, मुख्य आकडा 'व्ह्यूज' हाच राहील. त्याआधी रीलला 'प्लेज' आणि फोटोला 'इम्प्रेशन्स', म्हणजे किती वेळा दिसला तो आकडा, होते. त्याच वर्षी फेसबुकही त्याच वाटेने गेलं. माझ्या शीटमधला 'इम्प्रेशन्स' नावाचा कॉलम काही महिने रिकामा, मग त्यात कोणीतरी (मीच) व्ह्यूज भरले, आणि वार्षिक आलेखात एक सुंदर चढ तयार झाला.

प्लॅटफॉर्मकडूनही चूक होते, हेही लक्षात असू द्या. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा आकडा ते दोन वर्षं फुगवून दाखवत होते. फुगवटा आला कुठून? तीन सेकंदांपेक्षा कमी बघणाऱ्यांना त्यांनी छेदातून वगळलं होतं. अंश पूर्ण, छेद अर्धवट. शाळेतल्या अपूर्णांकांतली चूक, आणि तिच्यावर जाहिरातदारांनी पैसे ओतले होते.

उपाय साधा: शीटमध्ये 'नोंद' नावाचा एक कॉलम ठेवा. व्याख्या बदलली की त्या तारखेला लिहा आणि आलेखावर उभी रेघ मारा. रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकमेकांशी जोडायचं नाही.

रीचची बेरीज केलीत का?

हे पटकन उरकते. समजा रोजचा रीच १,२०० आहे. सात दिवसांचे ८,४०० होतात, पण ॲप आठवड्याचा रीच ३,१०० दाखवतं. बिघाड कुठेच नाही. रीच म्हणजे वेगवेगळी खाती. सोमवारी बघणारीच माणसं मंगळवारीही येतात आणि आठवड्याच्या हिशेबात ती एकदाच धरली जातात. व्ह्यूजची बेरीज चालते, रीचची नाही. दोन प्लॅटफॉर्मचे रीच एकत्र करून 'एकूण लोक' म्हणणं तर सोडूनच द्या, कारण तोच माणूस दोन्हीकडे असतो. ज्या कालावधीचा रीच हवा तो कालावधी ॲपमध्येच निवडायचा आणि आलेला आकडा जसाच्या तसा उतरवायचा.

इथेच एक बारीक खोच आहे. यूट्यूब ॲनालिटिक्सचा दिवस पॅसिफिक वेळेने सुरू होतो आणि संपतो. वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा दिवस तुम्ही सेटिंगमध्ये जो वेळविभाग निवडलाय त्याप्रमाणे चालतो. 'शुक्रवारी रात्री टाकलेला व्हिडिओ चालला, पण वेबसाइटवर गर्दी शनिवारी दिसते' असली कोडी बहुतेक यातूनच निघतात. रोजच्या आकड्यांची तुलना करायच्या ऐवजी आठवड्याची करा, अर्धी कोडी आपोआप सुटतात.

एंगेजमेंट रेट: कशाने भागलं?

एंगेजमेंट रेट म्हणजे प्रतिसादांचं प्रमाण. एका पोस्टला लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह मिळून १८० प्रतिसाद आले. फॉलोअर १२,०००. रीच २,४००. व्ह्यूज ४,५००.

फॉलोअरने भागा: १.५ टक्के.
रीचने भागा: ७.५ टक्के.
व्ह्यूजने भागा: ४ टक्के.

पोस्ट एकच, प्रतिसाद तेवढेच. मागच्या महिन्यात एका टूलमधून आकडा घेतला, या महिन्यात दुसऱ्यातून, की एंगेजमेंट पाचपट वाढते किंवा कोसळते. बैठकीत कोणी म्हणालं 'आमचा रेट सात टक्के आहे', तर मी आता एकच विचारते: छेद काय? निम्म्या वेळा उत्तर येत नाही.

मी रीचने भागते. फॉलोअरमध्ये कधीकाळी आलेली, आता ॲपच न उघडणारी खाती असतात. त्यांच्या नावाने पोस्टला शिक्षा कशाला? शिवाय फॉलोअरचा आकडा बाहेरूनही हलतो. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने आणि जुलै २०१८ मध्ये ट्विटरने बनावट व बंद खाती काढली, तेव्हा मोठमोठ्यांचे फॉलोअर एका रात्रीत आटले. त्यांच्या पोस्ट काही त्या रात्री वाईट झाल्या नव्हत्या.

सगळ्या प्रतिसादांची एकच मोळी बांधणं हाही माझा जुना दोष. लाइक द्यायला अंगठा हलवावा लागतो, पोस्ट कोणाला पाठवायची तर त्या माणसाचा विचार करावा लागतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की क्रमवारी ठरवताना बघण्याचा वेळ, रीचच्या प्रमाणात लाइक आणि रीचच्या प्रमाणात 'पाठवणं' हे तीन संकेत सर्वांत महत्त्वाचे. आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला पाठवण्याचं वजन जास्त. तेव्हापासून शेअर आणि सेव्ह माझ्या शीटमध्ये स्वतंत्र रांगेत आहेत.

कमेंटच्या बाबतीत मी एकदा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. 'या तिमाहीत कमेंट दुप्पट' असं लक्ष्य ठेवलं. टीमने प्रत्येक पोस्टखाली 'तुम्हाला काय वाटतं, हो की नाही?' लिहायला सुरुवात केली. कमेंट खरोखर दुप्पट झाल्या. 'हो', 'हो', 'नाही', 'हो'. कार्यशाळेबद्दल विचारणारा एकही नाही. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल हेच म्हटलं होतं: आकड्याला ताब्यात ठेवायला गेलं की तो आकडा पूर्वीचं काही सांगेनासा होतो. मला ते कळायला तीन महिने आणि शेकडो 'हो' लागले.

एक पोस्ट उडालं, म्हणजे व्हायरल झालं, आणि सरासरी घेऊन गेलं

'रीच का पडला?' या फोनचं खरं कारण माझ्याकडे बहुतेक वेळा हेच निघालं, म्हणून आकडेच मांडते. एका महिन्यातल्या दहा पोस्टचे रीच असे समजा:

६२०, ६८०, ७१०, ७४०, ७६०, ८००, ८३०, ८७०, ९१०, ३८,०००

सरासरी ४,४९२. यातल्या एकाही पोस्टचा रीच चार हजारांच्या जवळपास नाही, तरी रिपोर्टमध्ये 'सरासरी रीच ४,४९२' असं ठसठशीत छापलं जातं. पुढच्या महिन्यात कुठलंच पोस्ट उडालं नाही, पण सगळी जरा बरी चालली, सरासरी ९५० आली. रिपोर्ट म्हणतो: ७९ टक्के घट. फोन वाजतो.

आता मध्यक काढा. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. दहा असतील तर मधल्या दोघांची सरासरी. पहिल्या महिन्याचा मध्यक ७८०. दुसऱ्या महिन्यातल्या पोस्ट एकमेकींच्या आसपास असतील तर तिथला मध्यकही साडेनऊशेच्या जवळच येणार. म्हणजे जी घट म्हणून सांगितली ती वाढ होती. एक्सेलमध्ये सरासरीचं सूत्र जिथे लिहिलंय तिथे मीडियनचं लिहा. एक शब्द बदलायचा आहे.

उडालेलं पोस्ट फेकून द्यायचं नाही, त्याला वेगळी ओळ द्यायची. ते कुठून चाललं, फॉलोअर नसलेले किती होते, त्यातले किती प्रोफाइलवर आले, हे वेगळं लिहा. आमचं असं एक पोस्ट होतं, त्यातले जवळपास सगळे बघणारे नवखे होते आणि पुढे कोणीच आलं नाही. विनोद चांगला होता, कार्यशाळेशी त्याचा संबंध नव्हता.

याच जातीतली अजून एक फसवणूक यूट्यूबच्या क्लिक-थ्रू रेटमध्ये आहे. थंबनेल (व्हिडिओचं छोटं चित्र) किमान निम्मा आणि एका सेकंदापेक्षा अधिक वेळ दिसला तर एक इम्प्रेशन धरतात, आणि त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं तो हा रेट. व्हिडिओ चालायला लागला की यूट्यूब तो तुमच्या नेहमीच्या प्रेक्षकांच्या बाहेर दाखवतं. बाहेरचे लोक साहजिकच कमी क्लिक करतात. रेट आठवरून चारवर येतो आणि इम्प्रेशन्स दहापट झालेले असतात. ही घसरण म्हणून रडायची गोष्ट नव्हे. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्मे चॅनल आणि व्हिडिओ २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतात, त्यामुळे चार टक्के बघून थंबनेल बदलायला धावू नका.

क्लिक ६४०, वेबसाइटवर ४१०: बाकीचे गेले कुठे?

ही तक्रार सगळ्यांची. आधी मनाची तयारी करा: हे दोन आकडे कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. प्लॅटफॉर्म बोट टेकल्याचा क्षण मोजतो. ॲनालिटिक्स पान उघडून त्यातली स्क्रिप्ट (मोजणीचा छोटा कोड) चालल्यावर मोजतं. मधे पान हळू उघडलं आणि माणूस मागे फिरला, कुकीला नकार दिला, ब्राउझरने ट्रॅकिंग अडवलं, एकाच माणसाने दोनदा क्लिक केलं पण भेट एकच धरली गेली, असं बरंच काही होतं. थोडी गळती ठरलेली. गळती दर महिन्याला साधारण सारखी असेल तर मी तिकडे बघतही नाही. एका महिन्यात ती एकदम वाढली तर मात्र हे करते:

फोन हातात घेते, ॲपमधूनच, म्हणजे इतरांसारखंच, लिंकवर टॅप करते. पान उघडल्यावर पत्त्याची ओळ शेवटपर्यंत वाचते. यूटीएमची शेपटी, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारे लिंकला जोडलेले शब्द, तिथे आहे का? लिंक छोटी करणारी सेवा किंवा साइटवरचा रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवणं) ती शेपटी वाटेत कापून टाकतो, आणि मग ती भेट बऱ्याचदा 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे कुठून आली ते न कळलेल्या भेटींत, जाऊन पडते. शेपटी असेल तर गूगल ॲनालिटिक्सचा रिअलटाइम रिपोर्ट उघडून मी तिथे दिसते का ते बघते. दिसले नाही तर स्क्रिप्टमध्ये लोचा, साइटवाल्याला फोन. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

शेपटी आहे पण आकडे विखुरलेत, असंही होतं. यूटीएमला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. आमच्याकडे एकाने कॅपिटल अक्षराने सुरू होणारं फेसबुक लिहिलं, दुसऱ्याने सगळं स्मॉल, तिसऱ्याने नुसतं एफबी. रिपोर्टमध्ये तीन वेगळे स्रोत, तिन्ही मरतुकडे. यूटीएममध्ये 'सोर्स' (भेट कुठून आली) आणि 'मीडियम' (कुठल्या प्रकारच्या वाटेने) असे शब्द असतात. मीडियमच्या जागी मनाला येईल ते लिहिलं आणि सोर्सही अनोळखी असला, तर गूगल ॲनालिटिक्स ४ त्या भेटी 'अनअसाइन्ड'च्या, म्हणजे वर्गच न ठरलेल्यांच्या, खड्ड्यात टाकतं. सगळं स्मॉल अक्षरांत, मीडियम कायम 'सोशल', आणि शब्दांची यादी एका शीटमध्ये जिथून सगळ्यांनी कॉपीच करायचं. हाताने टाइप करायला बंदी.

आणि रिपोर्ट एक तारखेला काढू नका. गूगल ॲनालिटिक्सला आकडे पूर्ण बसवायला २४ ते ४८ तास लागू शकतात. मी तीन तारखेनंतर काढते.

जाहिरात चालू असेल तर अजून एक गुंता. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) जाहिरातींत नेहमीची सेटिंग अशी असते की क्लिकनंतर सात दिवसांत किंवा नुसती जाहिरात दिसल्यावर एका दिवसात नोंदणी झाली, तर श्रेय जाहिरातीला. गूगल ॲनालिटिक्सला नुसतं दिसलेलं काही कळत नाही, ते श्रेय दुसऱ्याच कोणाला देतं. एकाच नोंदणीला दोन बाप. दोन्ही डॅशबोर्डांच्या नोंदण्या मिळवल्या तर प्रत्यक्ष आलेल्या अर्जांपेक्षा जास्त होतात, मी करून बघितलंय. खरा आकडा तुमच्या अर्जांच्या यादीत असतो. तिथून मोजा आणि डॅशबोर्डचे आकडे फक्त एकमेकांशी, महिन्याशी महिना असे ताडून बघा.

हे सगळं नीट आहे, तरी नोंदणी वाढत नाही

आता खऱ्या दुखण्याकडे. इथे मी उलटीकडून चालते, अर्जापासून वर. समजा महिन्याचे आकडे असे आहेत: पूर्ण अर्ज ९, सुरू केलेले अर्ज ६०, वेबसाइटवरच्या भेटी २१०, लिंकवर टॅप २६०, प्रोफाइल भेटी ९००, रीच २०,०००. प्रत्येक पायरीला वरच्या पायरीने भागा. २६० टॅपमधून २१० भेटी, ठीक. २१० मधून ६० जणांनी अर्ज उघडला, चांगलंच. ६० मधून ९ पूर्ण. इथे पाणी गळतंय. मग रीच चाळीस हजार केला तरी नळ तोच आणि भोकही तेच.

आमचा आकार असाच होता. मी महिनोन्‌महिने पोस्टच्या वेळा बदलत होते, रीलचे पहिले दोन सेकंद बदलत होते, हॅशटॅगवरून वाद घालत होते. शेवटी एके दिवशी स्वतःच अर्ज भरायला बसले. लॅपटॉपवर नाही, फोनवर, इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये. जन्मतारखेच्या रकान्याला हात लावला की कीबोर्ड वर यायचा आणि 'पुढे' हे बटण त्याच्या मागे जायचं. पान खाली सरकायचंच नाही. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, म्हणून ज्याने अर्ज बनवला त्याला हे कधी दिसलंच नव्हतं. जन्मतारखेचा आम्हाला काही उपयोगही नव्हता. रकाना काढला.

तुमच्याकडे गळती दुसरीकडे असेल. प्रोफाइल भेटी भरपूर आणि टॅप नाहीत तर बायो (प्रोफाइलवरची ओळख) वाचून बघा, लिंक कशाची आहे ते तिथे लिहिलंय का. भेटी आहेत पण अर्ज कोणी उघडत नाही, तर पोस्टमध्ये सांगितलेलं आणि पानावर दिसणारं एकच आहे का ते तपासा. आकडे लहान असतील तर एका महिन्यावर निकाल देऊ नका. नऊचे बारा झाले तर टक्केवारीत ३३ टक्के वाढ, माणसांत तीन जण. तीन महिने एकत्र धरा.

एक भाग मात्र मोजणीत येतच नाही. लोक लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. यूटीएम नसेल तर ती भेट 'डायरेक्ट' दिसते. असेल तर इन्स्टाग्रामची शेपटी घेऊन लिंक गटागटांत फिरते आणि सगळं श्रेय इन्स्टाग्रामला मिळतं. २०१२ पासून याला 'डार्क सोशल' म्हणतात. यावर टूल नाही, म्हणून मी अर्जाच्या शेवटी एक प्रश्न टाकला: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' आधी तिथे निवडायला यादी दिली होती, तेव्हा जवळपास सगळे पहिलाच पर्याय दाबायचे. यादी काढून मोकळी जागा ठेवली. आता तिथे 'मैत्रिणीने पाठवलं', 'बहिणीने आधीची कार्यशाळा केली होती', 'कुठेतरी बघितलं, आठवत नाही' असं येतं. रिपोर्टच्या पहिल्या पानावर आता हीच उत्तरं जातात. रीच तिसऱ्या पानावर आहे.